चीनमधली खाणाखुणांची भाषा: पुस्तकातली शिकू की धिरड्याच्या दुकानातली?

ओसरी

नमस्कार मंडळी. आम्ही तीन वर्षांपासून शांघायला आहोत (नवऱ्याची नोकरी). आमच्या गल्लीच्या तोंडाशी खिडकीएवढं एक दुकान आहे, तिथे जिआनबिंग मिळतं, म्हणजे आपलं धिरडंच, मुगाचं पीठ, वर अंडं, कांद्याची पात, आत कुरकुरीत पापडी. दुकान चालवणारं जोडपं बधिर आहे. मला हे दोन महिने कळलंच नव्हतं, कारण मी नुसतं बोट दाखवून मागायचे आणि मोबाइलने पैसे द्यायचे.

कळलं ते आमच्या शेंडेफळामुळे. वय वर्षं साडेचार. धिरडं हातात पडलं आणि त्याला नेमकी सू लागली, त्याने आपल्या पद्धतीने करंगळी वर केली. ताईंचा चेहरा एकदम पडला. त्यांनी त्याच्या हातातलं धिरडं काढून घेतलं आणि दुसरं घालायला लागल्या! हा परत करंगळी दाखवतोय, त्या अजून कानकोंड्या. शेवटी तो एका पायावर नाचायला लागला तेव्हा त्यांच्या नवऱ्याला उलगडा झाला आणि ते पोट धरून हसले. नंतर समजलं की तिकडे अंगठा म्हणजे चांगलं आणि करंगळी म्हणजे वाईट. माझा मुलगा त्यांना दोनदा ठणकावून सांगत होता की तुमचं धिरडं वाईट आहे.

तेव्हापासून मी ही भाषा शिकायचं मनावर घेतलंय. सरकारी प्रमाण खुणांचे व्हिडिओ बघते, वहीत चित्रं काढते. पण दुकानात गेल्यावर माझ्या निम्म्या खुणा त्या ताई बदलून दाखवतात. अगदी प्रेमाने, पण बदलतात. मग माझा प्रश्न असा की चीनमध्ये ही भाषा एकच आहे का अनेक? आणि मी कोणती शिकू, पुस्तकातली की दुकानातली? कुणाला अनुभव असेल तर लिहा.

काजवा

करंगळीचा किस्सा भारी! आमच्याकडे करंगळी म्हणजे कट्टी पण. त्या ताईंना तेही सांगा :) वाचतेय, पुढचं लिहा.

दगडफूल

ओसरी, धागा फार आवडला. माझा धाकटा भाऊ जन्मापासून बधिर आहे त्यामुळे जवळचा विषय. आधी थँक्यू म्हणते, तुम्ही 'मूकबधिर' लिहिलं नाहीत. माझा भाऊ त्या शब्दावर कायम चिडतो, तो म्हणतो मी मुका कुठे आहे, मी दिवसभर बोलतो, तुम्हाला ऐकू येत नाही. (म्हणजे दिसत नाही.)

आता प्रश्नाबद्दल. सगळ्या जगात एकच साइन लँग्वेज असते असा समज असतो, तसं अजिबात नाही. आपल्याकडे इंग्रजी अक्षरं दोन हातांनी दाखवतात, अमेरिकेत एका हाताने. चीनचं मला नक्की माहीत नाही पण एक सांगते, भावाच्या शाळेत वर्गात ओठ वाचायला आणि बोलायला शिकवायचे, हात वापरला की बाई ओरडायच्या. खरी भाषा तो होस्टेलवर शिकला, मोठ्या मुलांकडून, रात्री दिवा घालवायच्या आधी. त्यामुळे पुस्तक की दुकान विचारलंत तर माझं मत दुकान.

शब्दकळा

दगडफूल, चीनमध्येही हीच गोष्ट आहे म्हणून थोडं सविस्तर लिहिते. तिथली बधिरांची पहिली शाळा १८८७ ची, शानडोंग प्रांतात डेंगझोउ नावाच्या गावी, मिल्स या अमेरिकन मिशनरी जोडप्याने काढलेली. (आपल्या मुंबईतली १८८५ ची, म्हणजे दोनच वर्षं आधीची.) अॅनेटा मिल्स त्याआधी न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरच्या बधिर शाळेत शिकवत होत्या. पुढे १८९८ मध्ये ती शाळा यानताइ बंदरात हलली, तेव्हा त्या गावाला चीफू म्हणायचे. भर होता तो मुलांना बोलायला शिकवण्यावर. मग चिनी लोकांनी स्वतः काढलेल्या शाळा आल्या, नानटोंगला उद्योगपती झांग ज्यान यांनी १९१६ मध्ये काढली ती त्यात महत्त्वाची.

पण शाळा काढणाऱ्यांनी भाषा दिली असं नव्हे. मुलं एका छपराखाली आली आणि भाषा मुलांनी घडवली. म्हणून जिथे जुन्या मोठ्या शाळा तिथे खुणांचं एकेक माहेर. ढोबळमानाने दोन घराणी मानतात, दक्षिणेचं म्हणजे शांघायचं आणि उत्तरेचं म्हणजे बीजिंगचं. उत्तरेच्या खुणांवर चिनी लिपीची सावली जास्त असते असं अभ्यासक सांगतात. ओसरी, तुम्ही दक्षिण घराण्याच्या उंबरठ्यावर बसून सरकारी पुस्तक वाचताय, त्यामुळे गोंधळ होणारच.

आणि हो, चिनीतही तोच शब्दांचा वाद आहे. जुना शब्द 'लोंग-या', त्यातला 'या' म्हणजे मुका. बधिर लोक स्वतःला नुसतं 'लोंग-रेन' म्हणवतात, बधिर माणूस. आणि आपण सगळे 'टिंग-रेन', ऐकणारी माणसं.

घाटवाट

एक भाबडी शंका. चीनमध्ये कँटनचा माणूस आणि बीजिंगचा माणूस बोलून एकमेकांना कळत नाहीत पण लिहून कळतात, असं आपण ऐकतो. बधिर माणसाला तर उच्चाराशी देणंघेणं नाही. मग त्यांनी सरळ लिपीच हवेत काढायची ना, सगळ्या देशाला एकच भाषा झाली. वेगळ्या खुणा हव्यातच कशाला?

शब्दकळा

घाटवाट, शंका भाबडी नाही. काही प्रमाणात ते करतातच. तळहातावर बोटाने अक्षर लिहून दाखवतात. आणि काही खुणा म्हणजे अक्षराचा आकारच. 'रेन' (माणूस) हे अक्षर दोन तिरक्या रेघांचं, तंबूसारखं, तर दोन्ही हातांच्या तर्जन्या जुळवून तो तंबू करतात. 'वांग' (राजा, आडनावही) म्हणजे तीन आडव्या रेघा आणि मधून एक उभी, तर एका हाताची तीन बोटं आडवी आणि दुसऱ्या हाताची तर्जनी त्यावर उभी. झालं वांग. मला ही खूण इतकी आवडली की मी दोन दिवस घरात सगळ्यांना दाखवत फिरत होते.

पण विचार करा, दिवसभर पाटीवर लिहून गप्पा मारता येतील का? एकेका अक्षराला दहा-बारा रेघा. लिपी आधी शिकावी लागते, हात तर तान्ह्या बाळालाही असतात. शिवाय खुणांचं व्याकरण वेगळं चालतं, जागा, चेहरा, भुवया सगळं कामाला येतं. 'गाडी वळणावर घसरली' हे बोलताना तीन शब्द, हाताने एकच झोकदार हालचाल.

भरतीओहोटी

मी चार वर्षं तैवानला होतो, शिंचूला, चिपच्या कंपनीत. तिथली गंमत सांगतो. आमच्या कँटीनमध्ये दोन बधिर मुली कामाला होत्या. एक दिवस त्यातली एक माझ्याशी बोलता बोलता मधलं बोट उभं करून वर नेते! मी हातात ट्रे घेऊन तसाच उभा, मनात म्हटलं मी हिचं काय घोडं मारलंय. सहकाऱ्याने सांगितलं की ती विचारतेय, तुला मोठा भाऊ आहे का. मधलं बोट म्हणजे भाऊ, वर नेलं की मोठा, खाली नेलं की धाकटा. आणि तिकडे करंगळी म्हणजे बाई, अंगठा म्हणजे पुरुष. म्हणजे ओसरी, तुमच्या चिरंजीवांनी तैवानमध्ये करंगळी दाखवली असती तर भलताच अर्थ, पण धिरडं तरी वाचलं असतं.

मुद्दा असा की तैवानची खूणभाषा चीनच्या घराण्यातलीच नाही. ती जपानी घराण्यातली. १८९५ ते १९४५ तैवान जपानकडे होतं, ताइनान आणि ताइपेइच्या शाळा त्या काळातल्या, शिक्षक जपानी पद्धतीचे, त्यामुळे भाऊ-बहीण-बाप्ये-बाया सगळं जपानकडून आलेलं. कोरियाचंही तसंच. १९४९ च्या सुमाराला चीनमधून लोक आले तेव्हा त्यांच्यातल्या बधिर शिक्षकांबरोबर चिनी खुणाही आल्या, काओश्युंगकडे त्याचा परिणाम दिसतो. म्हणजे तोंडाने दोघेही मँडरिन बोलतात पण बीजिंगचा आणि ताइपेइचा बधिर माणूस समोरासमोर आले तर अडतात.

काजवा

बापरे, हे माहीतच नव्हतं. आणि हाँगकाँग?

भरतीओहोटी

हाँगकाँगचं मूळ शांघायकडे. १९४० च्या दशकाच्या अखेरीस शांघाय-नानजिंगकडचे बधिर लोक तिकडे गेले, शाळा काढली, खुणा बरोबर नेल्या. नंतर स्थानिक भर पडत पडत ती आता वेगळी भाषा मानतात. म्हणजे हाँगकाँग शांघायची लेक, तैवान जपानची भाची.

सांजवारा

विषय छान आहे पण इथे सगळे दुकानाच्या बाजूने दिसतायत म्हणून मी विरुद्ध बाजू घेते. प्रमाण भाषा नसेल तर पाठ्यपुस्तकं कशात लिहायची? कोर्टात दुभाषा कुठल्या गावचा आणायचा? चीनने १९६३ मध्ये बोटांची अक्षरं ठरवली, पिनयिनवर (चिनी उच्चार रोमन अक्षरांत लिहायची पद्धत) आधारलेली तीस, सव्वीस अक्षरं आणि झ्ह, च्ह, श्ह, ङ्ग या जोडांना वेगळ्या खुणा, सगळी एका हाताने. २०१८ च्या जुलैपासून पाच हजारांहून जास्त शब्दांची राष्ट्रीय यादी लागू झाली, मार्च २०२१ पासून राष्ट्रगीताच्या खुणाही ठरवून दिल्यात. हे काम नसतं तर पार उत्तरेच्या हार्बिनच्या मुलाने दक्षिणेतल्या ग्वांगझोउच्या कॉलेजात कसं शिकायचं? आपल्याकडेही २०१५ मध्ये दिल्लीला संस्था निघाली, भारतीय खुणांचा शब्दकोश झाला, दगडफूल यांच्या भावालाही त्याचा फायदाच झाला असणार.

दगडफूल

झाला ना, खोटं कशाला बोलू. शब्दकोशाचे व्हिडिओ तो पुतण्याला दाखवतो. पण सांजवारा, शब्दकोश आणि भाषा यात फरक आहे. टीव्हीवरच्या बातम्यांच्या कोपऱ्यात खुणा करणारी व्यक्ती तो बघायचा आणि पाच मिनिटांत उठायचा. म्हणायचा, हे हाताने वाचतायत, बोलत नाहीत.

शब्दकळा

अगदी हेच चीनमध्ये! टीव्हीवरच्या खुणा बऱ्याच बधिर प्रेक्षकांना कळत नाहीत ही तिथली जुनी तक्रार आहे. कारण चिनी वाक्यातला एकेक शब्द उचलून त्याच क्रमाने हाताने दाखवायचा. त्याला ते खुणांची चिनी म्हणतात आणि आपसातल्या बोलण्याला नैसर्गिक हस्तभाषा. दोन्हीतले शब्द बरेचसे सारखे, पण बांधणी वेगळी.

हा फरक किती महागात पडतो ते चोंगछिंगच्या तांग श्वाय यांच्याकडून कळतं. आईवडील बधिर, हा मुलगा ऐकणारा, लहानपणापासून घरात दुभाष्या. पुढे पोलिसांसाठी दुभाष्याचं काम करताना त्यांना दिसलं की चौकीतला दुभाषा एक भाषा बोलतो आणि पकडून आणलेला माणूस दुसरी, आणि त्यावर जबाब लिहिला जातो. तो माणूस मान हलवतो ती समजलं म्हणून का घाबरून, कोण सांगणार. तांग पुढे वकील झाले, २०१८ मध्ये त्यांनी खुणांमधून कायदा समजावणारे व्हिडिओ टाकले तेव्हा देशभरातून बधिर लोक त्यांच्याकडे धावले. इतक्या लोकांना पहिल्यांदाच कायदा आपल्या भाषेत कळला होता.

सांजवारा म्हणतात तशी प्रमाण यादी हवीच, माझा तिला विरोध नाही. ती करताना बधिर लोक सोबत बसलेले असावेत, एवढंच. अलीकडच्या कामात बसलेही आहेत.

घाटवाट

मी अहिराणी बोलणाऱ्या घरातला. तिसरीत मास्तरांनी मला उभं करून 'पाणी' दहा वेळा म्हणायला लावलं होतं, वर्ग हसत होता. तेव्हापासून वर्गात मी तोंडच उघडलं नाही, दोन वर्षं. दगडफूल यांच्या भावाचं वाचून ते आठवलं. मला निदान घरी गेल्यावर आई तीच भाषा बोलायची. ज्या मुलाच्या घरी कुणालाच खुणा येत नाहीत त्याने शाळेतही हात खिशात घालायचे तर मग बोलायचं कुठे? मघाची माझी 'वेगळ्या खुणा कशाला' ही शंका मागे घेतो.

हापूस_बारमाही

जरा अवांतर. माझं इचलकरंजीहून चीनमधल्या यीवूला जाणंयेणं असतं मालासाठी. तिथे एक ते दहा सगळं एका हातावर दाखवतात. अंगठा आणि करंगळी = सहा, पाचही बोटांची टोकं चिमटीसारखी जुळवली = सात, अंगठा आणि तर्जनी ताणली = आठ, तर्जनी हुकासारखी वाकवली = नऊ. पहिल्या खेपेला मी त्या आठला दोन समजलो आणि भाव ऐकून खूष होऊन हजार डझन सांगून बसलो. हे बधिर लोकांचं आहे का सगळ्यांचं?

ओसरी

हापूस, सगळ्यांचं आहे, भाजीवालेही असंच दाखवतात. दुकानातले काका पण मला पैसे असेच सांगतात, त्यामुळे आकडे तरी पहिल्या दिवसापासून जमले.

बुगडी

मी कान-नाक-घसा डॉक्टर आहे, म्हणून एक वेगळी बाजू. चीनमध्ये २००६ च्या सर्वेक्षणात ऐकू न येणाऱ्यांची संख्या, इतर अपंगत्वासह धरून, दोन कोटी ऐंशी लाखांच्या जवळपास निघाली होती. त्यात म्हातारपणी ऐकू कमी झालेले फार. पण तिथल्या एका पिढीत लहानपणीच्या इंजेक्शनांमुळे बधिर झालेलेही पुष्कळ आहेत. स्ट्रेप्टोमायसिन, जेंटामायसिन. साध्या तापाला ही दिली जायची आणि कानातल्या नाजूक पेशी कायमच्या मरायच्या. काही घराण्यांत आईकडून येणारा एक जनुकीय बदल असतो, त्यांना तर थोड्या डोसनेही बाधतं. बीजिंगमध्ये २०१२ पासून नवजात बाळांची त्यासाठी तपासणी करतात.

ते हजार हातांच्या क्वानयिनचं (बौद्धांची करुणेची देवी) नृत्य आठवतंय का, सगळ्यांनी व्हिडिओ पाहिला असेल, एकामागे एक एकवीस कलाकार आणि सोनेरी हातांचा पिसारा? ते सगळे बधिर. पुढे उभी असलेली ताइ लीहुआ दोन वर्षांची असताना तापावरच्या इंजेक्शननंतर बधिर झाली. २००५ च्या चिनी नववर्षाच्या कार्यक्रमात ते नृत्य झालं तेव्हा रंगमंचाच्या चार कोपऱ्यांत चौघं उभे राहून हाताने ताल दाखवत होते. मी तो व्हिडिओ दरवेळी त्या चौघांसाठी बघते.

कळकळीची विनंती, आपल्याकडेही लहान बाळाला इंजेक्शन देताना कोणतं देताय हे विचारत जा. घरात कुणाला औषधाने बहिरेपण आलं असेल तर डॉक्टरांना आधी सांगा.

काजवा

बुगडी, धन्यवाद. माझ्या मावशीचं असंच झालं होतं, टीबीच्या इंजेक्शनांनंतर. तेव्हा कुणी काही सांगितलं नव्हतं.

सांजवारा

नृत्य मीही पाहिलंय आणि रडलेय. पण टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी किती जणांना 'धन्यवाद' दाखवता येईल असंही वाटतं. ओसरी, तेवढं तरी शिकवा आम्हाला.

ओसरी

सांजवारा, सोप्पं आहे. मूठ करून अंगठा उभा धरायचा आणि तोच दोनदा वाकवायचा, जणू अंगठा नमस्कार करतोय. आणि 'चीन' म्हणायचं तर तर्जनी डाव्या छातीपासून उजवीकडे आणि मग सरळ खाली. जुन्या झग्याची पट्टी जाते तशी. ही खूण ताई इतक्या झोकात करतात, वाटतं झगा खरंच अंगावर आहे.

आता मूळ प्रश्नाचं. काल पाऊस होता, दुकानात गिऱ्हाईक नव्हतं, तर मी वही घेऊन बसले. तुमचे सगळे प्रतिसाद वाचून डोक्यात घराणी घोळत होती, म्हणून विचारलं, तुम्ही दोघं कुठले? ताई निंगबोच्या निघाल्या, शाळा शांघायला. काका हार्बिनचे! म्हणजे एका तव्यावर दोन घराणी. ताईंनी तळहातावर लिहून सांगितलं की लग्न ठरलं तेव्हा दोघांची निम्मी भांडणं शब्दांवरून व्हायची. मग रंग कुणाचे घ्यायचे, नात्यांचे शब्द कुणाचे, असं एकेक ठरत गेलं. आता ते दोघं जे बोलतात ते ना शांघायचं ना हार्बिनचं. त्यांची मुलगी ऐकणारी आहे, नववीत, ती आली आणि माझ्या वहीतली चित्रं बघून म्हणाली, ही बाबांची, ही आईची, ही शाळेच्या पुस्तकातली आणि ही मावशी तुम्ही चुकीची काढलीय. मला वाटत होतं ताई माझ्या खुणा दुरुस्त करतायत. अर्ध्या वेळा त्या खरं तर काकांच्या खुणा दुरुस्त करत होत्या.

तर मी ताईंची शिकणार आहे, व्हिडिओ बाजूला ठेवून. सांजवारा रागावू नका, पुढे मागे बीजिंगला बदली झाली तर पुस्तक उघडीनच.

दगडफूल

ओसरी, हे भावाला वाचून... म्हणजे हाताने सांगितलं. तो विचारतोय ताई व्हिडिओ कॉलवर येतील का. त्याला त्यांची भाषा येत नाही आणि त्यांना त्याची येत नाही, पण म्हणतो अर्ध्या तासात जमवतो, तुम्ही ऐकणारे मधे पडू नका.

ओसरी

विचारलं! रविवारी दुपारी, दुकान बंद झाल्यावर. काका पण बसणार आहेत. व्यनि करते.

घाटवाट

आणि चिरंजीवांच्या सूचं काय ठरलं? मुख्य प्रश्न तोच होता.

ओसरी

हो हो, ते राहिलंच. ताईंच्या मुलीने त्याला शिकवलं. अंगठा आणि तर्जनी वाकवून अर्धगोल, उरलेली तीन बोटं उभी. तीन बोटांचा डब्ल्यू, अर्धगोलाचा सी, मिळून डब्ल्यूसी, इथे संडासावर पाटी असते तीच. त्याला इतकं आवडलंय की दिवसभर करतो. काल साताऱ्याला आजीशी व्हिडिओ कॉल चालू असताना त्याने केलं, आजीला वाटलं नातू म्हणतोय झकास, आजीनेही उलट तसंच करून दाखवलं. हा मला म्हणतो, आई, आजीला पण लागलीय.